काट्याच्या स्क्रीनवर मागच्या गाडीचा आकडा राहतोच कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्राचा विषय जरा टेक्निकल आहे पण तो थेट शेतकऱ्याच्या पावतीशी जोडलेला आहे म्हणून तुमच्याकडेच पाठवतोय, जागा मिळाली तर जरूर छापा. मी अंबडला राहतो, बरीच वर्षं छोट्या गोडाऊनसाठी, दुकानांसाठी, वजनकाट्यांसाठी प्रोग्राम लिहून देतो. ते नुसत्या अक्षरांचे स्क्रीन असतात ना, माऊस नाही चित्रं नाहीत, तसले. लोकांना वाटतं ते कधीच बंद पडले, पण जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून आजही असे प्रोग्राम दिवसरात्र चालतात आणि चांगले चालतात, फक्त नीट लिहिलेले पाहिजेत.

मागच्या उन्हाळ कांद्याच्या वेळेला पिंपळगाव बसवंतकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खासगी काट्यावर मला बोलावलं, नाव देत नाही. झालं असं होतं की एक पिकअप भरलेली आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर चढली, पावतीवर निव्वळ वजन ९८५ किलो आलं आणि स्क्रीनवर मात्र ९८५५. आता पिकअपमध्ये पावणेदहा टन कांदा बसत नाही हे शेतकऱ्यालाही कळतं, पण तो म्हणाला दादा, स्क्रीन एक सांगतो आणि कागद दुसरंच, मग मी विश्वास कशावर ठेवू? आणि त्याचं बरोबरच होतं. गाडी परत चढवली, मागे ट्रॅक्टरची रांग, वर ऊन, अर्धा तास त्यातच गेला. काट्यावरचे काका मला हळूच म्हणाले, "असं रोज होतं हो, आम्ही शेवटचा आकडा सोडून वाचतो." हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. वजनाचा आकडा असा अंदाजाने वाचायची वेळ माणसावर यायलाच नको.

सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, सुदैवाने मशीनवरच होता. आधीची गाडी होती १२४५ किलोची, ही ९८५ ची. टर्मिनलवर, म्हणजे अशा नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर, तुम्ही डावीकडून तीन आकडे छापले तर तीनच घरं बदलतात, चौथ्या घरातला जुना ५ तिथेच बसून राहतो. मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने छापायच्या आधी विंडो, म्हणजे स्क्रीनचा तो चौकोन, पुसली का नाही? तर त्याला निळा स्क्रीन हवा होता, आणि तो त्याने केला होता प्रत्येक ओळीत निळ्या रंगाच्या ८०-८० मोकळ्या जागा छापून. म्हणजे निळा हा विंडोचा रंग नव्हताच, वरून चिकटवलेली ठिगळं होती. त्यामुळे पुसलं की ती ठिगळंही जायची आणि मागचा काळा उघडा पडायचा, ते दिसायला वाईट म्हणून त्याने पुसणंच बंद केलं. रंग राहिला, आकडा चुकला.

यावरचा उपाय फार जुना आहे हो. अशा स्क्रीनसाठी कर्सेस नावाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कामांचा संच, १९८० च्या सुमारास बर्कली विद्यापीठात केन अर्नोल्ड यांनी लिहिली, आज बहुतेक लिनक्सवर तिचंच एनकर्सेस हे रूप असतं. त्यात प्रत्येक विंडोला स्वतःचं बॅकग्राउंड देता येतं, एक अक्षर आणि एक रंगांची जोडी (अक्षराचा रंग आणि त्यामागचा रंग). आधी रंग सुरू करायचे, जोडी ठरवायची, मग डब्ल्यूबीकेजीडी (wbkgd) हे फंक्शन, म्हणजे लायब्ररीतलं एक तयार काम, एकदा बोलवायचं की अख्खी विंडो त्या रंगाची होते आणि पुढे कितीही वेळा पुसलं तरी त्याच बॅकग्राउंडने भरून निघते. अंगण आधी सारवून घेतो आणि मग रांगोळी काढतो तसंच हे, रांगोळी पुसली तरी सारवण राहतं. याचंच भावंड डब्ल्यूबीकेजीडीसेट (wbkgdset), ते मात्र स्क्रीनवर आधीपासून असलेल्याला हात लावत नाही, फक्त पुढे जे लिहाल किंवा पुसाल त्याला लागू होतं. या दोघांत खूप मुलं गोंधळतात आणि मग "रंग येतच नाही" म्हणून परत मोकळ्या जागा छापत बसतात. अजून एक, पुसायला त्याच लायब्ररीतलं क्लिअर हे फंक्शन वापरलं तर पूर्ण स्क्रीन नव्याने काढला जातो आणि सारखा लुकलुकतो, इरेज वापरा, मग जेवढं बदललंय तेवढंच टर्मिनलला जातं.

बॅकग्राउंडच्या अक्षराबद्दल माझं मत एकदम स्पष्ट आहे. मोकळ्या जागेऐवजी टिंब किंवा जाळीचं अक्षर दिलं की स्क्रीन भरलेला, छान दिसतो, बाहेरच्या मोठ्या विंडोला द्या ना खुशाल. पण जिथे आकडे आहेत तिथे फक्त मोकळी जागा. त्या काट्यावर मी टिंब देऊन बघितलं तर ९८५ च्या पुढे टिंबं आली आणि काकांनी विचारलं की आता दशांश पण येतो का? लगेच काढून टाकलं.

आणि रंग. तिथे निळ्यावर लाल आकडे होते, वेबसाइटसाठीच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, जितका जास्त तितकं वाचायला सोपं) मागतात आणि शुद्ध लाल-निळ्याचा येतो जेमतेम २.१५, काळ्यावर निळं लिहिलं तरी अडीचच्या आतच. निळ्यावर पिवळं घेतलं की तोच ८ वर जातो. टर्मिनलप्रमाणे छटा थोडी बदलते पण फरक एवढा मोठा आहे की खिडकीतून ऊन येत असतानाही साठीच्या माणसाला लांबून वाचता आलं, मी स्वतः बाजूला उभं राहून बघितलं. एखाद्या टर्मिनलला रंगच नसतील तर ते आधी विचारून घ्यायचं आणि तिथे उलट्या रंगाची अक्षरं, म्हणजे उजळ पट्टीवर काळी, वापरायची, तीन-चार ओळींचं काम आहे.

म्हणून नाशिकमधल्या कॉलेजच्या आणि क्लासच्या सरांना, मॅडमना माझी मनापासून विनंती आहे की प्रोजेक्टमध्ये रंगीत स्क्रीन आला म्हणून मार्क देऊ नका, तो पुसून परत लिहायला लावा आणि मग बघा. आणि काटेमालकांनो, तुम्हाला प्रोग्राममधलं काही कळायची गरज नाही. चार आकडी वजनाची गाडी उतरली की पाठोपाठ तीन आकडी वजनाचं काहीतरी काट्यावर ठेवा आणि स्क्रीनवर तीनच आकडे दिसतात का ते मोजा. चौथा दिसला तर ज्याने प्रोग्राम लिहिलाय त्याला त्याच दिवशी बोलवा.

आपला,
एक वाचक, अंबड, नाशिक