सूचना : कोकण फेरीची डिझेल-वर्गणी

मंडळी, अलिबाग ते वेंगुर्ला फेरीसाठी डिझेलची वर्गणी या वेळी आधी ठरवून गोळा करणार नाही. गेल्या खेपेला महिनाभर आधीच्या दराने हिशेब मांडला आणि परतताना माझ्याच खिशाला चाट बसली. जून २०१७ पासून पंपावरचा दर रोज सकाळी ६ला ठरतो. कधी महिनोन्महिने हलत नाही, पण हलला की आपल्यासारख्या अवजड गाड्यांना लगेच जाणवतं.

हिशेब साधा आहे. येऊन-जाऊन १२०० किमी धरा. कॅम्पर, म्हणजे आपली राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, लिटरला ८ किमी देते, म्हणजे १५० लिटर. दर ५ रुपयांनी चढला तर गाडीमागे ७५० रुपये जादा. म्हणून निघायच्या आदल्या दिवशीच्या दराने वर्गणी घेऊ, वर १० टक्के राखीव. उरले तर परत.

खरी बचत जंगलजेटीत, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीत आहे. वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या तिन्ही ठिकाणी खाडी या बोटीने ओलांडली की मोठा वळसा वाचतो. मात्र लांब गाडीवाल्यांनी भरतीची वेळ बघूनच जेटीवर यावं. ओहोटीला उतार खडा होतो. मागचा बंपर आणि सांडपाण्याचा पाइप काँक्रीटला घासून कसा कर्रकन वाजतो, ते मी ऐकलंय.

रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवू नका. समुद्राचा वारा फुकट आहे.

वेंगुर्ल्याहून गोव्यात उतरणाऱ्यांनी टाकी तिकडेच भरावी, तिथला कर कमी आहे.

आपल्या गाडीचं खरं मायलेज रविवारपर्यंत कळवा. कंपनीनं सांगितलेलं नको.