एकमताचा ठराव आणि न विचारलेले प्रश्न

महोदय,

संस्था, कंपन्या आणि समित्यांच्या बातम्यांत ‘निर्णय एकमताने झाला’ हे वाक्य नेहमी कौतुकाच्या सुरात येते. चर्चा किती वेळ चालली आणि ठरावाविरुद्ध कोणता मुद्दा निघाला, एवढे दोन तपशील सोबत छापले तर त्या एकमताचे खरे मोल वाचकाला कळेल. खर्चिक आणि सहज मागे न घेता येणाऱ्या विषयावर पाच मिनिटांत सगळे राजी होतात, तेव्हा कुणालाच शंका नव्हती असे क्वचितच असते. शंका असतात, त्या बोलल्या जात नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये या दोषाची चिकित्सा केली. त्यांचे गाजलेले उदाहरण म्हणजे एप्रिल १९६१ मधली, अमेरिकेने आखलेली क्यूबावरची ‘बे ऑफ पिग्स’ मोहीम. सुमारे १४०० निर्वासित क्यूबन सैनिक किनाऱ्यावर उतरवायचे आणि डाव फसला तर त्यांनी एस्कांब्राय डोंगरांत शिरायचे, अशी योजना होती. उतरण्याची मूळ जागा डोंगरांजवळ होती. पुढे ती बदलली. नवी जागा डोंगरांपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, मध्ये दलदल. तरीही ‘नाहीतर डोंगर आहेतच’ हे गृहीतक बैठकीत जसेच्या तसे राहिले; खरे तर नकाशा उघडला असता तरी ते पुसले गेले असते. सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी अध्यक्ष केनेडींना विरोधाचे टिपण लिहून दिले होते, भरल्या बैठकीत मात्र ते गप्प बसले. मोहीम तीन दिवसांत कोसळली आणि हजाराहून अधिक माणसे कैद झाली.

‘चॅलेंजर’ या अमेरिकन अंतराळयानाची गोष्ट आणखी बोलकी आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितले की सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये, कारण थंडीत सांध्यांमधली रबरी कडी कडक होतात. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. कंपनीने थोडा वेळ मागून घेतला, आत व्यवस्थापकांनी वेगळा निर्णय केला आणि परत येऊन होकार कळवला. त्यानंतर ‘कुणाला काही वेगळे म्हणायचे आहे का?’ असे रीतसर विचारले गेले. कुणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात अंतराळवीर गेले. इथे दोन गोष्टी उलट्या झाल्या होत्या. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी ते धोक्याचे आहे हे सिद्ध करण्याचा भार अभियंत्यांवर आला. आणि आक्षेप विचारला गेला तो निर्णय झाल्यावर. अशा वेळी विचारलेला प्रश्न हा निव्वळ उपचार असतो, आणि मौनाला संमती समजण्याची सवय उरलेले काम करते.

हा प्रश्न भित्र्या माणसांचा नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखायची होती. एकट्याने उत्तर देणारे जवळजवळ चुकतच नव्हते. बाकी सगळ्यांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे त्यांचीच री ओढत. पण बाकीच्यांतला एक जण जरी फुटला तरी हे प्रमाण झपाट्याने उतरे. शिवाय गटात सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीच पुन्हा पुन्हा बोलल्या जातात आणि एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट मागे पडते, हे गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवले. म्हणजे बैठक लांबली म्हणून माहिती वाढतेच असे नाही.

तेव्हा ‘मोकळेपणाने बोला’ असे आवाहन करून काही साधत नाही. बैठकीचा क्रम बदलावा लागतो. सुरुवात विषयपत्रिकेपासून करावी. ‘खरेदीस मंजुरी देणे’ असे लिहिले की निम्मा निर्णय तिथेच झाला. ‘खरेदी करावी की नाही, आणि न केल्यास पर्याय कोणते’ असे लिहावे. कागद दोन दिवस आधी द्यावेत आणि प्रत्येकाकडून पाच-सहा ओळी मागवाव्यात: माझा कल, सर्वांत मोठा धोका, आणि काय कळले तर माझे मत बदलेल. हे टिपण सचिवाकडे जावे, अध्यक्षांकडे नव्हे, आणि टंकलिखित असावे. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचे अक्षर सगळे ओळखतात. नावे काढून ही टिपणे बैठकीच्या सुरुवातीला वाचावीत. मग बोलण्याची सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्याने करावी, अध्यक्षांनी शेवटी. प्रमुखाने आधी कौल दिला की उरतात ते होयबा, मग ते कितीही हुशार असोत. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेल्या पेचात केनेडी काही बैठकांना मुद्दाम गैरहजर राहिले, आणि सल्लागारांच्या गटांनी वेगवेगळे प्रस्ताव लिहून एकमेकांचे तपासले. माणसे बरीचशी तीच होती, पद्धत बदलली होती.

विरोधी बाजू मांडायला एखाद्याला नेमण्याची टूम सध्या लोकप्रिय आहे. ती फारशी चालत नाही. तो नाटक करतो आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि ‘आपण दुसरी बाजू ऐकली’ असे खोटे समाधान मात्र मिळते. मनापासून वेगळे मत असणारा माणूस शोधणे जास्त उपयोगी. तो सापडत नसेल तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची रीत वापरावी: निर्णय घेऊन वर्ष लोटले आहे आणि काम पूर्ण फसले आहे असे धरून चालायचे, प्रत्येकाने पाच मिनिटे न बोलता कारणे लिहायची, मग फेरीने एकेकाने एकेक कारण वाचायचे. शंका काढणे हेच काम झाले की ती काढणारा खोडसाळ ठरत नाही.

शेवटी हात वर करून होय-नाही विचारू नये. शून्य ते दहा गुणांत गुप्तपणे खात्री विचारावी. सगळ्यांचे ‘होय’ असते तिथे आकडे चार, नऊ, पाच, दहा असे निघतात, आणि चार देणाऱ्याचा मुद्दा बैठकीत आलाच नव्हता हे तेव्हा उघड होते. सरासरी काढून मोकळे होणे ही इथली नेहमीची चूक. टोकाचे आकडे कशामुळे आले ते पाहायचे असते.

एकोपा हाच दोषी, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. गटाच्या एकोप्यातूनच हा दोष येतो, हे जॅनिस यांचे म्हणणे पुढच्या प्रयोगांत डळमळीत ठरले. प्रमुखाने आधीच बाजू घेणे आणि बाहेरची माहिती आत न येणे, हे अधिक घातक. आणि सहज बदलता येणाऱ्या बारीकसारीक निर्णयांसाठी हा सगळा खटाटोप करू नये, नाहीतर लोक टिपणेही उरकून टाकतील. मोठ्या निर्णयाच्या इतिवृत्तात मात्र ठरावासोबत विरोधी मुद्दे, धरून चाललेली गृहीतके आणि कोणते गृहीतक खोटे ठरले तर विषय पुन्हा मांडायचा, हे तारखेसह लिहिलेले असावे.

आपला,
एक वाचक