ब्रँड तोच, गोळी मात्र दुसरीच : औषध कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
मा. प्रमुख,
गुणवत्ता हमी व औषधदक्षता विभाग
(कंपनीचे नाव या प्रतीत वगळले आहे)

विषय : अल्प्राझोलाम 0.5 मि.ग्रॅ. गोळ्यांचे उत्पादनस्थळ बदलल्यानंतर जाणवलेला फरक व त्याबाबत आपल्या विभागाकडून आलेले असमाधानकारक उत्तर.

महोदय/महोदया,

मी नागपूरला धरमपेठेत राहते. चिंताविकारासाठी धंतोलीतील माझ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मी गेली काही वर्षे आपल्या कंपनीची अल्प्राझोलामची गोळी घेत आहे. सकाळी अर्धी आणि रात्री एक असे माझे प्रमाण ठरलेले असून ते मी स्वतःच्या मनाने कधीही वाढवलेले किंवा कमी केलेले नाही. गेल्या हिवाळ्यापासून या गोळीत जाणवू लागलेल्या फरकाबद्दल मी आपल्या ग्राहक सेवेला ईमेलने कळवले होते. गोळीतील घटक तोच आहे, मात्रा तीच आहे, त्यामुळे परिणामात फरक पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आपला आजार लक्षात घेता काळजीपोटी तसे वाटणे स्वाभाविक आहे, अशा आशयाचे उत्तर मला आले. गोळीची एकही चाचणी न करता, बॅच क्रमांकसुद्धा न विचारता, माझ्या मनाची तपासणी मात्र आपल्या विभागाने बसल्या जागी उरकली. हे पत्र मुख्यतः त्या उत्तराविरुद्ध आहे.

माझी सारी नोकरी लेखापरीक्षण करण्यात गेली, त्यामुळे बिले जपून ठेवण्याची सवय जाता जात नाही. औषधाच्या बिलावर बॅच क्रमांक असतो. त्यावरून मागची बिले आणि घरात उरलेल्या स्ट्रिप जुळवून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की ब्रँडचे नाव, वेष्टनाचा रंग आणि किंमत जशीच्या तशी असली तरी स्ट्रिपच्या पाठीमागे भिंगातून वाचाव्या लागणाऱ्या अक्षरांत उत्पादकाचे नाव बदलले आहे. पूर्वी गोळी हिमाचल प्रदेशातील एका कारखान्यात तयार होत असे, आता ती उत्तराखंडातील दुसऱ्याच कंपनीकडून करवून घेतली जाते आणि आपले नाव फक्त विक्रेता म्हणून छापले जाते. असे करण्याला कायद्याची आडकाठी नाही, हे मला माहीत आहे. परंतु हा बदल ना माझ्या डॉक्टरांना कळवला गेला, ना औषध दुकानदाराला, आणि मला तर नाहीच नाही.

आता प्रत्यक्ष गोळीबद्दल. जुन्या गोळीच्या मधोमध खोल रेघ होती. दोन्ही अंगठ्यांनी हलका दाब दिला की तिचे दोन स्वच्छ तुकडे पडत. नव्या गोळीवर रेघ आहे, पण ती नावापुरती. दाब दिला की एक तुकडा मोठा, दुसरा लहान आणि बाकीचा भुगा तळहातावर. सकाळी अर्धी गोळी घेणाऱ्या रुग्णाला एके दिवशी पाऊण आणि दुसऱ्या दिवशी पाव मिळत असेल, तर 0.25 मिलिग्रॅम हे प्रमाण केवळ चिठ्ठीवर उरते. गोळी कापण्याची डबी आणून पाहिली, तरी कडा ढासळतातच. जुनी गोळी जिभेवर ठेवताच विरू लागे आणि तिचा कडवटपणा लगेच जाणवे. नवी खडूसारखी बसून राहते. मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली नाही. पण भुगा होणारी गोळी ओळखायला कोणत्याही पदवीची गरज पडत नाही.

परिणामातला फरक सांगताना मी अधिक सावध राहते, कारण त्याला तळहातावरच्या भुग्यासारखा पुरावा देता येत नाही. पूर्वी रात्री गोळी घेतल्यावर झोपण्याच्या वेळेपर्यंत छातीतली धडधड उतरत असे. आता ती उशिरापर्यंत चालू राहते, आणि उलट सकाळी उठल्यावर डोके जड असते. काही दिवस याच्या नेमके उलटे होते. नव्या स्ट्रिपमधील गोळ्यांचे आपसांतही जुळत नाही, असे मला वाटते. अल्प्राझोलाम रक्तात साधारण एक ते दोन तासांत सर्वाधिक पातळीला पोहोचते आणि सरासरी अकरा तासांत त्यातले निम्मे शरीराबाहेर जाते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. इतक्या लवकर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या औषधात गोळी विरघळायला लागणारा वेळ बदलला, तर तो रुग्णाला जाणवणे अशक्य आहे काय, याचे उत्तर आपल्या तंत्रज्ञांनी द्यावे.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही, आणि सगळ्यांचा एकसारखाही नाही. डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात ओळख झालेल्या मानेवाड्याच्या एका शिक्षिकेला आपलीच नवी गोळी मानवली आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या गोळीने त्यांना वर्गात शिकवताना झापड येत असे. माझ्या नणंदेला अनेक कंपन्यांच्या गोळ्या आलटून पालटून घेऊनही काही फरक कळत नाही आणि तिला माझ्या तक्रारीचे हसू येते. एक निवृत्त गृहस्थ दर महिन्याला दुकानात जे हाती येईल ते घेतात आणि प्रत्येक बदलानंतर आठवडाभर अस्वस्थ असतात. तेव्हा आपली गोळी वाईट आणि दुसऱ्याची चांगली, असे माझे म्हणणे नाही. एकाच औषधाच्या निरनिराळ्या गोळ्या निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या लागू पडताना दिसतात. ज्याची घडी एका गोळीवर बसली आहे त्याची गोळी न सांगता बदलणे, ही माझी तक्रार आहे.

चिंतेच्या रुग्णाला नव्या गोळीचीच धास्ती वाटू शकते आणि त्या धास्तीनेच लक्षणे वाढू शकतात, हे मला मान्य आहे, आणि माझ्या डॉक्टरांनीही ते आडपडदा न ठेवता सांगितले. पण मला बदल जाणवला तेव्हा उत्पादक बदलल्याचे ठाऊकच नव्हते. स्ट्रिपची मागची बाजू मी नंतर वाचली. कोणत्या गोष्टीची धास्ती घ्यायची हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या तक्रारीला केवळ धास्तीचे लेबल लावणे न्याय्य नाही.

जेनेरिक औषधांना, म्हणजे मूळ औषधाचाच घटक वापरून इतर कंपन्यांनी बनवलेल्या औषधांना, माझा विरोध नाही, हेही येथे स्पष्ट करते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातल्या आहेत आणि त्या उत्तम चालतात. जेनेरिक गोळी मूळ औषधाच्या बरोबरीची आहे की नाही हे ठरवताना निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील औषधाचे एकूण प्रमाण आणि सर्वोच्च पातळी मोजली जाते, आणि मूळ औषधाशी या दोन्हींच्या गुणोत्तराचा 90 टक्के विश्वास अंतराल (चाचणीतील अनिश्चितता धरून काढलेला अंदाजाचा पट्टा) पूर्णपणे 80 ते 125 टक्क्यांच्या मर्यादेत बसावा लागतो. याचा अर्थ गोळ्या वीस टक्क्यांनी कमीअधिक असतात असा नव्हे. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जेनेरिकमध्ये हा फरक सरासरीने तीन-चार टक्क्यांच्या आसपासच आढळला आहे. परंतु या पद्धतीत प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी होते, दोन जेनेरिकची एकमेकांशी होत नाही, आणि रुग्ण मात्र एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर जात असतो. शिवाय आपल्या देशात औषधाला मान्यता मिळून चार वर्षे उलटली की राज्याचा परवाना घेताना अशी चाचणी दीर्घकाळ मागितलीच जात नसे. पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या गटांसाठी ती एप्रिल 2017 मध्ये नियमांत आली. आपल्या गोळीला परवाना केव्हा मिळाला, आणि तिची अशी चाचणी कधी झाली आहे का, हे मला आपल्याकडूनच समजू शकते.

आपले उत्तर वाचताना मला अमेरिकेतील एक प्रकरण आठवले. नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन या औषधाच्या 300 मिलिग्रॅमच्या, हळूहळू विरघळणाऱ्या एका जेनेरिक गोळीला तेथे डिसेंबर 2006 मध्ये मान्यता मिळाली आणि लवकरच रुग्णांच्या तक्रारी सुरू झाल्या. 2008 मध्ये तेथील औषध प्रशासनाने गोळी समतुल्यच असल्याचे सांगून या तक्रारींचा संबंध आजाराच्या स्वाभाविक चढउतारांशी जोडला. पुढे प्रशासनाने स्वतः चाचणी करवून घेतली आणि ऑक्टोबर 2012 मध्ये ती गोळी मूळ औषधाच्या बरोबरीची नसल्याचे जाहीर करावे लागले. 300 मिलिग्रॅमच्या गोळीची चाचणी मुळात झालीच नव्हती, 150 मिलिग्रॅमच्या निष्कर्षांवरून अंदाज बांधला गेला होता. ते औषध वेगळे आणि त्या गोळीची रचनाही वेगळी, त्यामुळे येथेही तसेच घडले असा माझा दावा नाही. मात्र आजाराकडे बोट दाखवून रुग्णाला परत पाठवण्याची रीत तेथेही हीच होती, आणि त्या वेळी बरोबर निघाले ते रुग्ण.

दुकानाच्या पातळीवर काय चालते, तेही आपल्याला माहीत असावे. चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध, मग घटक तोच का असेना, दुकानदाराने परस्पर देऊ नये, असा नियम शेड्यूल एच मधील, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या, औषधांसाठी आहे. अल्प्राझोलाम तर मार्च 2014 पासून अमलात आलेल्या शेड्यूल एच-1 या अधिक कडक यादीमध्ये येते, त्याची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. माझे दुकानदार हे सर्व काटेकोर पाळतात. पण ब्रँडच्या नावाआड गोळी बदलली, तर त्यांनी तरी काय पाळावे? पूर्ण स्ट्रिप लागत नसेल तेव्हा ते कात्रीने तुकडा कापून देतात. बॅच क्रमांक आणि मुदत एकाच टोकाला छापलेली असल्यामुळे तो तुकडा ज्याच्या वाट्याला येतो त्याला आपण काय घेत आहोत हे कधीच कळत नाही. हा मजकूर प्रत्येक गोळीच्या मागे छापणे आपल्याला जड जाऊ नये.

उन्हाळ्याबद्दलही विचारायचे आहे. स्ट्रिपवर 30 अंशांखाली साठवण्याची सूचना आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि त्या दिवसांत माल ट्रकने शहरात येऊन गांधीबागेतल्या दवा बाजारात उतरतो. माझी तक्रार हिवाळ्यातली असल्यामुळे सगळा दोष उन्हावर ढकलता येणार नाही. तरीही कारखान्यापासून येथपर्यंतच्या प्रवासात तापमानावर लक्ष ठेवले जाते की नाही, हे कळावे.

माझ्या मागण्या अशा आहेत. सोबत जोडलेल्या बिलांतील बॅच क्रमांकांचे जे राखीव नमुने उत्पादकाकडे ठेवलेले असतात, त्यांची विरघळण्याच्या वेगाची आणि प्रत्येक गोळीतील औषधाच्या समानतेची चाचणी पुन्हा करून जुन्या उत्पादनस्थळाच्या निष्कर्षांशी तुलना करावी. एका गोळीत अर्धा मिलिग्रॅम औषध असते आणि बाकी सारे भरण द्रव्य, तेव्हा मिश्रणात थोडीशी चूकही लहान राहत नाही. गोळी अर्धी केल्यावर दोन्ही भागांत औषध सारखे येते का, हे तपासले असल्यास ते कळवावे. तपासले नसल्यास गोळीवर रेघ ठेवू नये आणि 0.25 मिलिग्रॅमची गोळी नागपुरात नियमित मिळेल अशी व्यवस्था करावी, ती येथे बरेचदा मिळत नाही. स्ट्रिपवर ‘एक्सिपियंट्स’ एवढ्या एका शब्दात गुंडाळलेली भरण द्रव्ये कोणती आणि उत्पादनस्थळासोबत ती बदलली का, हे लेखी सांगावे. यापुढे उत्पादक बदलल्यास निदान डॉक्टरांना आणि विक्रेत्यांना आधी सूचना द्यावी.

तक्रारीची नोंद ठेवून तिचा तपास करणे हे परवानाधारक उत्पादकाचे काम असल्याचे शेड्यूल एम, म्हणजे औषध उत्पादनाच्या गुणवत्तेचे नियम, सांगते. माझ्या पहिल्या ईमेलला आपण तक्रार क्रमांकही दिलेला नाही, तो या पत्राला द्यावा. डॉक्टरांनी संशयित प्रतिकूल परिणामाचा अर्ज भरून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवला आहे. ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांना त्या कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर स्वतःही कळवता येते, म्हणून या पत्राची प्रत मी इतर रुग्णांनाही देत आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाकडे नमुन्यांसह अर्ज करीन.

दरम्यान गोळी मी बंद केलेली नाही. हे औषध अचानक थांबवल्यास त्रास उलटून वाढतो आणि झटकेही येऊ शकतात, असे डॉक्टरांनी बजावले आहे. गोळी बदलायची झालीच तर त्यांच्या सल्ल्याने आणि सावकाश बदलेन. नव्या उत्पादनस्थळाच्या दोन न उघडलेल्या स्ट्रिप आणि जुन्या बॅचची एक स्ट्रिप बिलासह माझ्याकडे आहे. आपला प्रतिनिधी पोचपावती देऊन नेणार असेल तर त्या देण्यास मी तयार आहे. मात्र प्रत्येक बॅचच्या काही गोळ्या मी माझ्याकडे ठेवून घेईन.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
धरमपेठ, नागपूर

सोबत :
औषधांच्या बिलांच्या छायाप्रती, दोन्ही उत्पादकांच्या स्ट्रिपच्या मागील बाजूची छायाचित्रे, तोडलेल्या गोळ्यांची छायाचित्रे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि आपल्या ग्राहक सेवेकडून आलेल्या ईमेलची प्रत.