काकू, पैसे पाठवू नका

परवा पहाटे जर्मनीत शिकायला गेलेल्या लेकीचा फोन आला. खोलीची चावी हातात पडली! तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

सगळ्यात आधी ड्रेस्डेनमधल्या त्या मराठी मुलाचे आभार. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक, म्हणून आम्ही एका खासगी खोलीचं डिपॉझिट भरायला निघालो होतो. ना ओळख, ना पाळख, तरी हा मुलगा लेक्चर संपवून ट्रामने त्या पत्त्यावर गेला. तिथे दारावरच्या बेलशेजारी प्रत्येक भाडेकरूचं नाव असतं. खोली देणाऱ्याचं आम्हाला सांगितलेलं नाव त्यात नव्हतंच. 'काकू, पैसे पाठवू नका,' एवढाच मेसेज आला. पुढे दुसरी खोलीही त्यानेच शोधली. व्हिडिओ कॉलवर खिडकी उघडून, शेगडी पेटवून दाखवली. घरमालकाकडून राहत असल्याचा दाखला घ्यायला बजावलं, कारण पत्त्याच्या नोंदणीला तो लागतोच.

ब्लॉक्ड अकाउंटसाठी, म्हणजे व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या आणि दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यासाठी, ११,९०४ युरो पाठवायचे होते. बँकेतल्या ताईंनी जेवणाचा डबा बाजूला ठेवून परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म माझ्याकडून ओळ न् ओळ भरून घेतला.

आणि झेरॉक्सवाले दादा! व्हिसाच्या अपॉइंटमेंटला अर्धा तास उरलेला, आणि एपीएस प्रमाणपत्राची (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं जर्मनीसाठीचं प्रमाणपत्र) प्रत दादरला घरीच राहिलेली. लेकीला रडू आवरेना. दादांनी रांगेतल्यांना थांबवलं, मोबाइलवरून प्रिंट काढून दिली. पैसे घेतले नाहीत. 'पोरगी पोचली की पेढे आणा,' म्हणाले.

दादा, शनिवारी येतेय पेढे घेऊन.