माजघरातलं वाय-फाय

ती. आई-बाबा,
सा. न.

सोमवारी फायबर जोडायला माणूस येतोय. फोनवर सांगितलेलं निम्मं हवेत विरतं, म्हणून लिहूनच पाठवते.

बाबा, तो आला की ओटीवर दाराशेजारीच खोका ठोकायला बघेल. त्याची वायर वाचते ना! तिथे बसवू देऊ नका. आपल्या भिंती जांभ्याच्या, दीड फुटी. ओटीवरचं वाय-फाय स्वयंपाकघरापर्यंत पोचणारच नाही. माजघरात, फडताळाच्या वर, उघड्यावर बसवा. नेटची दोन नावं दिसली तर ५जी लिहिलेलं वेगवान असतं, पण भिंतीपुढे लवकर हरतं. आईच्या फोनवर दुसरं लावा.

भिंतीला भोक म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो, माहितीय. पण एकच पाडायचंय. ते बाहेरच्या अंगाला उतरतं हवं, आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ सोडून मग वर घ्यायला सांगा. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि झोळाशी थेंब होऊन गळतं. झोळ नसला की ते सरळ भिंतीत. डिश लावली तेव्हा देवघराच्या भिंतीला धरलेली ओल आठवते ना?

या वायरीत तांबं नाही, केसासारखी बारीक काच आहे आणि तिच्यातून उजेड धावतो. कोपऱ्यात करकचून दुमडली तर उजेड वाटेतच सांडतो. उरलेल्या वायरीचं वेटोळं आईच्या बांगडीहून लहान नको. खोक्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर उजेड आपल्यापर्यंत येत नाहीये. चालू-बंद करत बसू नका, सरळ तक्रार नोंदवा.

आई, तुझ्या टीव्हीवर मालिकेच्या ऐन वेळी चौकोन पडतात ना, त्याला टीव्हीचा दोष नसावा. पोटमाळ्यावरचा स्प्लिटर चार तोंडांचा आहे आणि आपले टीव्ही दोन. तो सिग्नलचे चार वाटे करतो, त्यातले दोन फुकट जातात. केबलवाल्याकडून दोन तोंडांचा बसवून घे. तारेचं टोक काळवंडलं असेल तर तेवढं कापून नवा कनेक्टर लावायला सांग.

फायबरवाला म्हणेल, ‘आता टीव्हीपण यावरच बघा, जुनी केबल काढून टाकतो.’ काढू देऊ नका. निदान हा पावसाळा जाऊ दे. फांदी पडून नेट गेलं तर बातम्या तरी दिसतील.

लाईट गेल्यावर खोका चालावा म्हणून छोटा यूपीएस पाठवलाय, १२ व्होल्टचा. खोक्याच्या अडॅप्टरवरही १२ व्होल्टच लिहिलंय ना, एवढं बघून मगच लावा.

पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. आणि बाबा, तुमची जन्मतारीख नको. ती अख्ख्या वाडीला पाठ आहे.

तुमची,
ताई