आधी मुलं मोजा, मग म्युझिकल निवडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या नाटकांबद्दल तुमच्या पुरवणीत जे येतं ते मी आवडीने वाचते, पण त्यात सगळं प्रयोग कसा झाला याबद्दल असतं, नाटक निवडलं कसं याबद्दल कोणी लिहीत नाही. आणि माझ्या मते हौशी ग्रुपचा अर्धा घोळ तिथेच होतो. मी अशा एका ग्रुपची गाण्याची बाजू बघते, आठ ते अठरा वयाची पन्नासच्या वर मुलं, कोणालाही नाही म्हणायचं नाही असा नियम, त्यामुळे दरवर्षी हाच वाद.

होतं काय, की कमिटीतल्या कोणाला तरी एखादा पिक्चर खूप आवडलेला असतो, त्याचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचातून गोष्ट सांगणारं नाटक, आहे हे कळतं आणि मीटिंगमध्ये तेच ठरून जातं. मग ऑडिशन, मग आठ-दहा मुलांना रोल आणि बाकीची गावकरी, तीन महिने विंगेत बसून मोबाईल बघणारी. त्यांचे आईबाबा पण तिकीट काढून येणारच असतात की!

साउंड ऑफ म्युझिकचंच घ्या, १९५९ चं आहे, गाणी सगळ्यांना पाठ, घरच्यांना घेऊन बघण्यासारखं, मान्य. पण त्यात मुलं सात. पाच वर्षांच्या धाकटीपासून सोळा वर्षांच्या मोठीपर्यंत सात जणांची चंगळ आणि उरलेल्यांनी काय करायचं, तर नन्स व्हायचं, शिवाय त्या नन्सची गाणी हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गायची, दहा वर्षांच्या मुलांकडून ती बसवून दाखवावी कोणीतरी. ॲनी (१९७७) मध्ये अनाथाश्रमातल्या मुलींना मजा आहे, आणि अशा ग्रुपमध्ये मुली नेहमी जास्तच असतात, म्हणून ते लगेच सुचतं. पण सगळा भार एका मुलीवर, तिला प्रयोगाच्या दिवशी ताप आला की संपलं. दोघींना आलटून पालटून तयार करायचं असेल तर ते पहिल्याच दिवशी ठरवा, आणि दोघींना सारखेच प्रयोग द्या, नाहीतर आयांची भांडणं तुम्हीच सोडवायची.

उलट जोसेफ अँड द अमेझिंग टेक्निकलर ड्रीमकोट बघा. हे मुळात लंडनच्या एका शाळेतल्या मुलांसाठीच लिहिलं गेलं, १९६८ मध्ये पहिल्यांदा झालं तेव्हा जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं होतं, नंतर वाढत गेलं. जवळजवळ सगळं गाण्यातच आहे त्यामुळे पाठांतराचं टेन्शन कमी, बारा भाऊ आहेत, आणि कोरस, म्हणजे एकत्र गाणारा बाकीचा घोळका, फक्त मागे उभा राहत नाही, गोष्ट पुढे नेतो. निवेदिकेचं काम परवानगी काढून तिघी-चौघींत वाटता येतं. जोसेफला मोहात पाडू बघणाऱ्या मालकिणीचा, पोटिफरच्या बायकोचा, एक प्रसंग आहे तो जरा सांभाळून बसवावा लागतो एवढंच.

फॅमिली म्युझिकल म्हटलं की लोकांना वाटतं शिव्या नाहीत म्हणजे झालं. ऑलिव्हर! (१९६०) मध्ये पोरांच्या टोळीला काय सुंदर काम आहे, मोठ्या ग्रुपला अगदी फिट, पण त्यातच नॅन्सीचा खूनही होतो. समोर सहा वर्षांची भावंडं बसणार असतील तर तो किती दाखवायचा हे दिग्दर्शकाने आधी ठरवायला हवं, ड्रेस रिहर्सलला नाही. थोडी भीती चालते असं माझं मत, मुलांना भीती आवडतेही. माझ्या मते खरा प्रॉब्लेम लांबीचा आहे, अडीच तास लहान मूल बसत नाही आणि आजोबाही बसत नाहीत. म्हणून बऱ्याच गाजलेल्या म्युझिकल्सच्या ज्युनिअर आवृत्त्या मिळतात, साधारण एक तासाच्या, त्या बघाव्यात. त्यात गाण्यांच्या पट्ट्या मुलांच्या गळ्याला बसतील अशा केलेल्या असतात आणि तालमीसाठी ट्रॅकही, म्हणजे रेकॉर्ड केलेलं संगीत, मिळतात. इन्टू द वूड्सच्या ज्युनिअरमध्ये तर दुसरा, काळाकुट्ट अंक पूर्ण काढलाय. काहींना हे पाणी घातल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत.

आता गळ्याचं. बारा ते पंधराच्या मुलांचा आवाज फुटत असतो, ऑडिशनला काळी चारमध्ये मस्त गाणारा मुलगा तीन महिन्यांनी त्या पट्टीत गाऊच शकत नाही, आणि ट्रॅक तर फिक्स! म्हणून त्या वयाच्या मुलाला एकट्याचं लांब गाणं असलेलं नाटक घेताना दहा वेळा विचार करा, त्याला डायलॉग, कॉमेडी, नाच जास्त असेल असं काम द्या. आणि सोलो जितके जास्त जणांत विभागलेले तितके कॉलर माईक कमी पडतात, विंगेत एकाचा काढून दुसऱ्याला लावताना जो गोंधळ होतो तो प्रेक्षकांना ऐकूही येतो, त्यामुळे सोलो कमी आणि आठ-दहा जणांची छोटी छोटी गाणी जास्त असलेलं नाटक सगळ्यात सोयीचं.

हक्कांबद्दल तर आनंदच आहे. आपण कुठे धंदा करतोय, असं म्हणून परवानगीचा विषयच काढत नाहीत. विझर्ड ऑफ ऑझचं पुस्तक १९०० चं, ते आता कोणीही वापरू शकतं, पण सगळ्यांच्या डोक्यात असते ती १९३९ च्या पिक्चरमधली गाणी, ती फुकट नाहीत. लाल चमचमते बूटसुद्धा पिक्चरमधले, पुस्तकात ते चांदीचे आहेत. स्वतःची गाणी रचून पुस्तकावरून नवीन नाटक करायला काहीच हरकत नाही, उलट मला तेच जास्त आवडेल, कारण मग पन्नास मुलांसाठी पन्नास नावं तुम्हीच लिहू शकता. पण तयार म्युझिकल घेतलं तर त्यातला शब्द बदलायला, मराठीत करायला, व्हिडिओ काढून नेटवर टाकायला, प्रत्येकाची परवानगी वेगळी विचारावी लागते, आणि उत्तर यायला वेळ लागतो. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हो म्हणायच्या आधी तालमी सुरू करू नका.

आमच्याकडे आता एक पद्धत पडलीये. स्क्रिप्ट हातात आली की आधी कोरसचीच पानं वाचायची, हीरोची नाही. कोरस किती वेळ स्टेजवर आहे, त्यांना भांडण आहे का, काही हवंय का, का नुसतं 'आ आ' करायचंय. यात जे नापास ते कितीही गाजलेलं असो, बाद. प्रत्येक मुलाला नाव असलं पाहिजे, निदान 'टोपीवाला' एवढं तरी.

आणि एक विनंती तुम्हालाही, म्हणजे तुमच्या समीक्षकांना. मुलांच्या म्युझिकलबद्दल लिहिताना मुख्य भूमिकेतल्या मुलीचं कौतुक करा, जरूर करा, पण निदान एक गाणं तिच्याकडे न बघता मागच्या ओळीकडे बघा आणि तिथे काय चाललं होतं ते पण छापा.

आपली,
एक नियमित वाचक