हातात सूप कोणाच्या?

संपादक महाशय,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात मध्यंतरी एका ख्रिस्ती वाचकाने असा आशय मांडला होता, की मोठी आपत्ती हा देवाचा न्याय असतो आणि जे त्यातून वाचतात त्यांच्यावर देवाची मर्जी असते. मीही त्याच विश्वासात वाढलो आहे आणि दैवी न्याय मला पूर्णपणे मान्य आहे. नेमक्या त्याच कारणाने हे मत खोडून काढणे मला आवश्यक वाटते.

हा प्रश्न थेट येशूलाच विचारला गेला होता. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी काही लोक त्याला सांगतात, की रोमी सुभेदार पिलाताने यज्ञ करणाऱ्या गालीलकरांची, म्हणजे गालील प्रांतातल्या लोकांची, कत्तल केली. येशू स्वतःहून त्यात आणखी एक घटना घालतो: शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, ती यरुशलेमात राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती काय? त्याचे उत्तर ‘नाही’ असे स्वच्छ आहे. मात्र तो तिथे थांबत नाही. तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, असे तो विचारणाऱ्यांनाच बजावतो. म्हणजे न्यायाची धार त्याने बोथट केली नाही, ती मेलेल्यांवरून उचलून ऐकणाऱ्यांकडे वळवली.

तरीही आपल्याच मंडळीने ही चूक पुन्हा पुन्हा केली आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली, तेव्हा असंख्य लोक प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमले होते आणि त्यांच्यावर त्याच चर्चची छते कोसळली. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल मालाग्रिडा या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूने पत्रक काढून हा भूकंप शहराच्या पापांची शिक्षा असल्याचे जाहीर केले. प्रार्थनेला बसलेल्यांवरच छत का पडावे, याचे समाधानकारक उत्तर त्या विचारसरणीकडे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

दुसरीकडे, प्रेमळ देवाला न्याय शोभत नाही असे म्हणून हा विषयच गुंडाळून ठेवणारेही आहेत. मला तेही पटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याच्यासाठी न्याय ही आनंदाची बातमी असते. शहाण्णवाव्या स्तोत्रात परमेश्वर न्याय करायला येत आहे म्हणून रानातली झाडे गजर करतात, भीतीने थरथरत नाहीत.

मराठीत ‘निवाडा’ आणि ‘निवडणे’ हे शब्द एकाच घरचे आहेत, आणि नव्या करारातील न्यायासाठीच्या मूळ ग्रीक क्रियापदातही वेगळे काढणे हाच अर्थ दडलेला आहे. बाप्तिस्मा देणारा योहान येणाऱ्या प्रभूविषयी सांगतो, की त्याच्या हातात सूप आहे. सुपात पाखडताना दाणा आणि भूस दोन्ही एकदमच उडतात. दाण्याला त्या क्षणी आपण फेकले गेलो असेच वाटत असणार. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहितो त्यातही हेच चित्र आहे: सोने, रुपे, लाकूड, गवत, पेंढा यांनी बांधलेले प्रत्येकाचे काम अग्नीतून पारखले जाईल, काम जळाले तर बांधणाऱ्याचे नुकसान होईल, पण तो स्वतः तारला जाईल. द्राक्षवेलीच्या दाखल्यात तर कात्री फळ देणाऱ्या फाट्यावरच चालते, त्याला अधिक फळ यावे म्हणून. आध्यात्मिक वाढ म्हणजे न्याय चुकवून मिळालेली सवलत नव्हे, ती या पारखण्यातूनच होते.

पण पारखायचे कोणाला? पौल त्याच पत्रात म्हणतो, की आपण आपलाच न्याय केला असता तर आपल्यावर न्यायाची वेळ आली नसती. प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, हे इब्री लोकांस पत्रातले वचन दुःखात असलेल्या माणसाने स्वतः उच्चारले तर ते विश्वासाचे बोल होतात. तेच शेजाऱ्याने त्याला ऐकवले की तो निव्वळ निर्दयपणा होतो. एका आजारी बाईच्या उशाशी बसलो असताना तिने मला हळूच विचारले होते, “माझ्या हातून असं काय घडलं असेल?” आदल्या दिवशी भेटायला आलेल्या कोणीतरी प्रार्थनेनंतर तिला पाप आठवून पाहायला सांगितले होते. तिने रात्रभर आठवून पाहिले होते. मी तिला शिलोहाचा उतारा वाचून दाखवला, तेव्हा तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

त्या उताऱ्याला लागूनच अंजिराच्या झाडाचा दाखला आहे, आणि तो तोडून वाचला की सगळा अर्थ निसटतो. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडायला धनी सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात आपण काय करणार तेही सांगतो: भोवती खणीन, खत घालीन. मुळांपाशी कुदळ लावणे हे झाडाला सुखाचे नसते आणि खताचा वास कोणाला आवडत नाही, पण मिळालेली मुदत या कामासाठी आहे. उपदेशकांना माझी एवढीच विनंती आहे, की पुढच्या आपत्तीनंतर व्यासपीठावरून हा अध्याय काढाल तेव्हा पाचव्या वचनावर न थांबता नवव्यापर्यंत वाचा.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक